औलिसच्या वाटचं लोणी

काउंटरवरच्या मुलीनं पुडा उचलून यंत्रापुढे धरला, यंत्र टिंग करून वाजलं, आणि तेव्हा कुठे सेन्या पीरॉइनेनच्या लक्षात आलं की आपल्या टोपलीत लोणी आहे. अर्धा किलो, खारवलेलं, चंदेरी कागदातलं. चाळीस वर्षं दुकानातल्या त्या थंड कपाटापुढून जाताना ती मान दुसरीकडे वळवत आली होती. भांडलेल्या जावेच्या दारावरून जाताना बायका वळवतात तशी. आणि आज हातानं तिला न विचारता हा उद्योग करून ठेवला होता. “हे चुकून आलं,” एवढं म्हटलं असतं तरी मुलीनं पुडा बाजूला ठेवला असता. सेन्या म्हणाली नाही. तिला राग आला नव्हता, लाजही वाटली नव्हती. तिला नवल वाटत होतं. हाताला हे सांगितलं कुणी? बहात्तर वर्षांच्या बाईनं स्वतःच्याच हाताकडे असं परक्यासारखं बघत उभं राहावं हे थोडं हसण्यासारखंच, आणि रांगेत मागे उभा असलेला म्हातारा खाकरलाही. पण हा तिचा जुना रोग होता. काही अडलं की रडायचं, चिडायचं सोडून ती ‘हे असं का?’ म्हणून उकरत बसायची. या रोगापायी ती नर्स झाली. या रोगापायी तिनं नवरा गमावला. म्हणजे तसं नाही, नवऱ्याला हृदयानं नेलं. पण त्याला हृदयानं न्यायच्या आधी तेरा वर्षं ती त्याला थोडा थोडा गमावत होती, आणि त्याला कारण हाच पुडा होता.

बाहेर मार्च महिना होता. योएन्सूच्या चौकात बर्फ वितळून पुन्हा गोठला होता आणि त्यावर टाकलेली खडी बुटांखाली करकर वाजत होती. पिशवी जड नव्हती, पण सेन्या ती जरा अंगापासून लांब धरून चालली होती. सकाळचा फोन अजून कानात होता. खीर ढवळत असताना विर्पीचा फोन आला. विर्पी म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, वय एकोणपन्नास, ताम्पेरेला शाळेत शिकवते, रविवारी वीस किलोमीटर स्की करते आणि मांसाला तिशीपासून शिवलेली नाही. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. “आई, नऊ पॉइंट चार,” एवढंच म्हणाली.

“काय नऊ पॉइंट चार?”

“कोलेस्टेरॉल. शाळेतर्फे तपासणी झाली. पाचच्या आत हवं म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणतात गोळ्या घ्या, जन्मभर. मी नाही घेणार.”

खीर लागायला आली होती. सेन्यानं भांडं उतरवलं. नऊ पॉइंट चार. हा आकडा तिनं स्वतःच्या हातानं एकदा लिहिला होता, एकोणीसशे बहात्तरच्या शरदात, पुठ्ठ्याच्या हिरव्या कार्डावर: पीरॉइनेन औलिस, वय अडतीस, जंगलकामगार; म्हणजे तिचा नवरा. नेमका तोच आकडा काही वारशानं येत नाही, हा निव्वळ योगायोग, हे तिला कळत होतं. तरी तिनं आकडा मनात पुन्हा एकदा म्हणून बघितला.

“गोळ्या घ्यायला हव्यात, विर्पी.”

“तू हेच म्हणणार. मी वाचलंय सगळं. नुसता बागुलबुवा आहे. आता तर डॉक्टरच म्हणायला लागलेत की लोण्यानं काही होत नाही. इतकी वर्षं तुम्ही माणसांना उगाच छळलंत, आई. बाबांना छळलंस. तेरा वर्षं त्यांनी लोण्याला हात लावला नाही, आणि एक्कावन्नाव्या वर्षी गेलेच ना? मग काय उपयोग झाला?”

तेव्हा सेन्याच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. सत्तावीस वर्षं ते तिथेच होतं, दाढेखाली ठेवलेल्या लवंगेसारखं. ‘अगं, तुझा बाप आजीकडे जाऊन चोरून खायचा.’ मेलेल्या माणसाविषयी त्याच्या लेकीपाशी असं बोलू नये म्हणून तिनं ते आजवर गिळलं होतं. आजही गिळलं, पण आज कारण वेगळं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलं आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न आला: बरं, बाप चोरून खात होता. पण हिनं कधी खाल्लंय? विर्पी नऊ वर्षांची असल्यापासून त्या घरात लोणी नव्हतं. तेलापासून केलेलं पिवळं मार्गारीन, पाण्यासारखं दूध, उकडलेली भाजी. मोठी झाल्यावर तर तिनं आईपेक्षाही कडक सोवळं पाळलं. मग हिच्या रक्तात हे आलं कुठून?

उत्तर सेन्याला माहीत नव्हतं असं नाही. निवृत्त झाल्यावरही ती आरोग्याची मासिकं वाचत असे, आणि त्यात तिनं केव्हाच वाचलं होतं की पूर्वेकडच्या काही घराण्यांत हे रक्तातच असतं. बाहेरून कणभर चरबी घाला न घाला, यकृत आपला कारखाना चालूच ठेवतं. तिनं खाली रेघही ओढली होती. पण रेघ ओढताना एकदाही औलिसचा चेहरा समोर आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि तो का आला नाही, याचं उत्तर तिला आज त्या फोननंतर मिळालं: तो आला असता तर ‘चोरून खायचा’ हे वाक्य फेकून द्यावं लागलं असतं, आणि ते फेकून दिल्यावर धरायला दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

चौकातल्या बाकावर ती बसली. समोरून पेटायावाराकडे जाणारी बस सुटायला अवकाश होता. पेटायावारा म्हणजे औलिसचं गाव, सीमेला चिकटलेलं, तासाभराच्या वाटेवर. त्या काळी त्या गावात पुरुष चाळिशीत मरत. लढाईत मेले ते वेगळे. हे शांततेत मरत. झाडाच्या बुंध्याला करवत लावलेली तशीच राही आणि माणूस शेजारी पडलेला असे. औलिसचा बाप युद्धाच्या वर्षी गेला, पण युद्धात नव्हे, गवत कापताना, वय एक्केचाळीस. बायकांना ते पावसापाण्यासारखं वाटायला लागलं होतं, की लग्न करायचं, मुलं वाढवायची आणि पंचेचाळिशीत काळे कपडे शिवून घ्यायचे. मग राजधानीतून डॉक्टर आले आणि म्हणाले, हे देवाचं नाही, हे तुमच्या ताटातलं आहे. शाळेच्या पटांगणात गाडी उभी राहिली, आणि बत्तीस वर्षांच्या सेन्यानं पहाटेपासून रांगेतल्या दंडांमधून रक्त काढायला सुरुवात केली. रक्त काचेच्या नळीत उभं ठेवलं की वर दुधासारखा थर येई. पहिल्यांदा तो बघून ती घाबरली नव्हती, तिला उचंबळून आलं होतं. इतकी वर्षं ज्याला दैव म्हणत होतो ते हे, इथे, बोटभर जाड, डोळ्यांनी दिसतंय!

उपाशी पोटी या, असं तिनं घरोघरी जाऊन सांगितलं होतं. सगळे उपाशी आले. म्हणजे कॉफी पिऊन आले. तिचा थोरला दीर रेयो तर ओठावर सायीची रेघ घेऊनच खुर्चीत बसला होता. “अरे, उपाशी यायला सांगितलं होतं ना?” “उपाशीच आहे की!” “मग हे ओठावर काय?” “कॉफी.” “आणि कॉफीत?” “साय. ती काय कॉफीच्या बाहेर असते?” कॉफी म्हणजे खाणं, हे त्या गावाला शेवटपर्यंत पटलं नाही. पाद्रीबाबांनी उपास सांगितला असता तरी त्यांनी सायीची कॉफी पिऊनच केला असता. तिनं वैतागून त्याच्या कार्डावर ‘नमुना शंकास्पद’ असा शेरा मारला. गंमत म्हणजे त्याचा आकडा आला पाच पॉइंट आठ. साऱ्या गावात सातच्या खाली कुणी नव्हतं, आणि हा सायखाऊ पाच पॉइंट आठ. औलिस नियमानं उपाशी आला होता, आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही नाही, आणि त्याचा नऊ पॉइंट चार.

त्या रात्रीपासून घरातलं लोणी बंद झालं. औलिस वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्यानं कार्ड हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, “तू म्हणतेस तसं केलं तर हा खाली येईल?” “येईल.” “मग काढ ते टेबलावरून.” एवढंच. भांडण झालं ते सासूबाईंशी. हिल्मा पीरॉइनेन दोन गाईंवर दोन मुलगे वाढवलेली विधवा. आठवड्यातून एकदा लोणी घुसळायची आणि लाकडी साच्यात दाबून दोन गोळे काढायची, एक रेयोचा, एक औलिसचा. शनिवारी मुलगे तिच्याकडे वाफेच्या अंघोळीला येत आणि जाताना आपापला गोळा घेऊन जात. आईनं दिलेला गोळा परत करायचा नसतो. तो परत करणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. सेन्या तिला समजवायला गेली तेव्हा ती घुसळतच राहिली. “माझ्या गाईंनी माझा नवरा मारला, असं म्हणतेस तू?” “तसं नाही म्हणत मी, आई.” “मग कसं म्हणतेस?” सेन्या साच्याकडे बघत राहिली, कारण ती तसंच म्हणत होती.

आणि आकडा खाली येईना. पहिल्या वर्षी नऊ. मग आठ पॉइंट आठ. मग पुन्हा आठ पॉइंट नऊ. सगळ्या गावाचा उतरत होता, ज्यांनी अर्धवट पथ्य केलं त्यांचासुद्धा, आणि हिच्या घरातला तेवढा हटून बसला होता. ज्या नर्सच्या शब्दावर गाव साय सोडतंय, तिच्याच नवऱ्याचा! शनिवारी तो आईकडून परतला की ती त्याचं तोंड हुंगायची. बायको नवऱ्याचं तोंड हुंगते ती दारूसाठी; हिला लोण्याचा वास हवा होता. धुराचा यायचा, वाफेच्या अंघोळीतल्या बर्चच्या पानांचा यायचा. गोळा घरी येत नसे, आणि सासू तो बांधून देते हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तो जातो कुठे? “खाल्लंस?” “नाही.” दर शरदात दंडातून सुई काढताना हाच प्रश्न, हेच उत्तर. शेवटच्या वर्षी आठ पॉइंट सात आला तेव्हा ती म्हणाली, “खोटारडा आहेस तू, औलिस.” तो नुसता बाही खाली ओढत राहिला. तीन आठवड्यांनी तो जंगलात एका ओंडक्याशेजारी सापडला. थर्मासमधली कॉफी अजून गरम होती, असं आणायला गेलेल्यांनी सांगितलं. काळी कॉफी. आणि त्याला शेवटची अंघोळ घालताना सेन्याच्या मनात पहिला विचार काय आला, तर: खाल्लंसच ना शेवटी. तिला त्या विचाराची लाज वाटली, पण त्या विचारावर ती सत्तावीस वर्षं झोपली. उघड्या जमिनीपेक्षा काट्यांचं अंथरूणही बरं वाटतं कधी कधी.

बस आली. ती चढली. रेयो आता एक्याऐंशीचा होता आणि पेटायावाराच्या वृद्धाश्रमात राहत होता. जे काही घडलं ते ठाऊक असणारा तो एकच माणूस उरला होता. खिडकीतून देवदारांची रांग मागे जात होती आणि सेन्या स्वतःला विचारत होती, आपल्याला काय ऐकायचंय? ‘खायचा’ असं रेयो म्हणाला तर ती सुटली. आणि विर्पीलाही सांगता येईल, बघ, बाबांनी पथ्य मोडलं म्हणून गेले, आईचं ऐक आणि गोळी घे. ‘नाही खायचा’ म्हणाला तर? तर तिनं एका माणसाच्या जेवणातला आनंद तेरा वर्षं हिरावला, वर त्याला खोटारडा म्हटलं, आणि तिच्या शब्दाला मुलीपुढे काडीची किंमत उरणार नाही. मुलगी गोळी घेणार नाही. आजोबा एक्केचाळीस, बाप एक्कावन्न. बायकांना दहा-बारा वर्षं सवलत मिळते, एवढंच. म्हणजे ‘खायचा’ हेच हवं. इतकं सरळ होतं सगळं. तरीही मनाच्या एका कोपऱ्याला खरं काय तेच हवं होतं, त्याचं काय होईल ते होवो, आणि त्या कोपऱ्याची तिला भीती वाटली.

रेयो खिडकीपाशी बसला होता. तिला बघून त्यानं चष्मा वर केला. “तू? आज काय, शुक्रवार? कोण मेलं?”

“कुणी मेलं नाही. तुझ्यासाठी आणलंय.”

त्यानं पुडा हातात घेऊन कागदावरूनच वास घेतला. “खरं आहे, की तुमच्यातलं?”

“खरं.”

“तू आणलंस?”

“मी.”

“मग नक्की कुणीतरी मेलंय,” रेयो म्हणाला, आणि लगबगीनं खणातून सुरी आणि अर्धा काळा पाव काढला. “इथे तुझंच राज्य आहे, बघ. सकाळी पावाला ते पिवळं फासून देतात. मी म्हणतो, बायांनो, एक्याऐंशीचा झालो मी. हृदयाला कसलं जपताय? तेच मला कंटाळलंय.” तो जाड काप कापत होता. त्याच्या हातावरच्या शिरा अजून टपोऱ्या होत्या. सुई घालायला सोप्या, असं सवयीनं तिच्या मनात आलं.

“रेयो, एक विचारू? खरं सांगशील?”

“या वयात खोटं लक्षात ठेवणं जमत नाही. विचार.”

“औलिस शनिवारी तुमच्या आईकडे लोणी खायचा का?”

सुरी थांबली. रेयो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींची छपरी होती.

“नाही,” तो म्हणाला.

“थोडंसुद्धा?”

“सुरी चाटण्यापुरतंसुद्धा नाही.”

“पण तो गोळा घेऊन निघायचा. मी पाहिलंय.”

“निघायचा. न घेतला तर म्हातारी दोन दिवस जेवायची नाही. आणि घरी नेला तर तू होतीस. मग वाटेत माझी लाकडांची खोप. तुळईवर ठेवून जायचा.”

“आणि तू...”

“मग काय, फेकू? आईच्या हातचं?”

सेन्या खुर्चीच्या कडेवर बसली. तिच्या तोंडून आपोआप नर्सचा प्रश्न बाहेर पडला. “केवढा असायचा गोळा?” त्यानं मूठ दाखवली. “आणि तुझा स्वतःचा वेगळा?” “वेगळा.” “म्हणजे आठवड्याला अर्धा किलो लोणी. तेरा वर्षं. आणि तुझा आकडा सहाच्या वर गेला नाही.”

“लिहून घेऊ नकोस,” रेयो म्हणाला.

“आणि मी सभांमधून तुझं उदाहरण देत होते! की बघा, पीरॉइनेनच्या थोरल्यानं लोणी सोडलं आणि...”

“सोडलं असं मी कधी म्हटलं नाही. तू विचारायचीस, मार्गारीनचा डबा आहे ना घरात? होता की. खिळे ठेवले होते त्यात.”

तिला हसू फुटलं. ते मध्येच कुठेतरी अडकलं आणि ती तोंडावर हात धरून बसली. मग रेयो सुरीच्या टोकाशी बोलल्यासारखा बोलला. “मी त्याला एकदा म्हटलं होतं, अरे, खा की एक घास, तिला काय कळतंय? तर म्हणाला, तिला नाही कळणार, आकड्याला कळेल. आकडा बघून ती विचारेल खाल्लंस का, तेव्हा मला नाही म्हणता यायला पाहिजे.”

तेरा वेळा तो नाही म्हणाला होता. तेरा वेळा तिनं कार्डाकडे बघितलं होतं, त्याच्याकडे नाही. सेन्याला ते दंड आठवले, रबराची पट्टी, तिच्या अंगठ्याखाली फुगलेली शीर. तो किती जवळ बसलेला असायचा! तिला इतकं वाईट वाटलं की ते कुठे ठेवावं कळेना. “मला का नाही सांगितलंस? निदान तो गेल्यावर?”

“तू नेहमी सुई टोचायचीस, सेन्या. असं समोर बसून विचारलंस आज.” मग तो हळूच म्हणाला, “आणि मला भीती होती. त्याच्या वाटचं मी खाल्लं, आणि तो गेला. मला वाटायचं, माझा भाऊ उपाशी गेला.”

“उपाशी नाही गेला तो. लोण्यानं नाही, लोण्यावाचूनही नाही. रक्तातच होतं ते. तुमच्या वडिलांचं त्याच्याकडे आलं, तुझ्याकडे नाही. छापा-काटा केल्यासारखं.”

“मग त्यानं सोडलं ते फुकटच?”

“थोडा उतरला होता आकडा. त्यानं एखादं वर्ष मिळालं असेल, नसेलही. हजार माणसांचं सांगता येतं, रेयो. या गावात आता पन्नाशीच्या आत विधवा दिसत नाहीत, ते खोटं नाही. एका माणसाचं नाही सांगता येत.” हे तिनं आयुष्यात शेकडो वेळा सांगितलं होतं, पण तो एक माणूस प्रत्येक वेळी दुसराच कुणीतरी असे.

ती फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आली. भिंतीवर हृदयाला जपा असं सांगणारा कागद होता, त्यावर टोमॅटोचं चित्र. आता खोटं बोलायचं का? रेयो कुणाला सांगणार नाही. ‘बाबा चोरून खायचे, म्हणून गेले.’ एक वाक्य, आणि तिचा मान शाबूत. तिनं ते वाक्य विर्पीच्या कानात घालून बघितलं, रोग्याला औषध देण्याआधी बाटली उजेडात धरावी तसं. आणि विर्पी त्यावर काय म्हणेल ते तिला स्वच्छ ऐकू आलं: मग मला कसली भीती? मी तर खातच नाही. सेन्या भिंतीला टेकली. सत्तावीस वर्षं जपून ठेवलेलं हे वाक्य मुलीला दिलं असतं तर मुलगी त्यावर विसंबून मेली असती. आणि ज्या उत्तराला ती बसमध्ये घाबरत होती तेच विर्पीच्या कामाचं होतं. फक्त ते देताना स्वतःकडे काही राहणार नव्हतं.

“विर्पी, वेळ आहे?”

“मधली सुट्टी आहे. आई, परत गोळ्यांवरून सुरू करणार असशील तर...”

“लोण्याचं तुझं बरोबर आहे.”

“काय?”

“बाबांच्या बाबतीत तुझं बरोबर आहे. त्यांनी तेरा वर्षं खरोखरच हात लावला नाही. मला वाटायचं आजीकडे चोरून खातात. मी त्यांना खोटारडे म्हणाले होते, अगदी शेवटी. आत्ता रेयोकाकानं सांगितलं. कधीच नाही खाल्लं.”

पलीकडे मुलांचा गलका होता. मग एक दार लागलं आणि गलका बारीक झाला. “आई, तू कुठे आहेस?”

“ऐक आधी. त्यांनी नऊ पॉइंट चारवर सुरुवात केली होती. तुझाच आकडा. लोणी सोडलं, साय सोडली, डुकराची चरबी सोडली, मी सांगेन ते सोडलं. शेवटी किती होता माहितीये? आठ पॉइंट सात. मी जन्मभर जे सांगितलं त्यानं त्यांचं एवढंच झालं. त्यांच्या वेळी गोळी नव्हती, विर्पी. ते गेल्यावर दोन-तीन वर्षांनी आली. त्यांच्यापाशी सोडायला निदान लोणी होतं. तू काय सोडणार आहेस?”

“तू रडतेयस?” विर्पीनं विचारलं.

“हो.”

शाळेची घंटा झाली. लांबून, फोनमधून, अगदी बारीक. सेन्यानं वाट बघितली. आपण समजावत नाही, हट्ट करत नाही, नुसती वाट बघतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला नवल वाटलं.

“त्या गोळ्या सकाळी घ्यायच्या असतात की रात्री?” विर्पी म्हणाली.

“रात्री. झोपताना.”

“बरं. वर्ग आहे माझा. संध्याकाळी करते फोन.”

ती खोलीत परतली तेव्हा रेयोचा काप संपला होता आणि बशीत दुसरा ठेवलेला होता. त्यावर लोणी इतकं जाड होतं की सुरीच्या रेघा उमटल्या होत्या. त्यानं बशी तिच्याकडे सरकवली.

“हा कुणाचा?”

“त्याच्या वाटचा,” रेयो म्हणाला. “आजवर मीच खाल्ला. आज तू खा.”

सेन्या बसली आणि तिनं तो खाल्ला. लोणी तिच्या आठवणीपेक्षा खारट होतं, पण चांगलं होतं.